मागच्या बाकावरील खासदाराचे संसदेतील काम कशावरून जोखावे?

करवीरवासी (प्रश्न)

आमच्या भागातील एका माजी खासदारांवर स्मरणिका निघत असून त्यातील संसदीय कामकाजाचा लेख माझ्याकडे आला आहे. त्यांचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्यांना मंत्रिपद कधी मिळाले नाही, पक्षाच्या पहिल्या फळीतही ते नव्हते आणि दिल्लीतील त्यांचा सारा काळ मागच्या बाकांवर गेला. संपादक मंडळाचा आग्रह असा की, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची एकूण संख्या मथळ्यातच ठळकपणे द्यावी, म्हणजे वाचकांवर छाप पडेल.

मात्र कागद चाळू लागल्यापासून मला या संख्येविषयी शंका येऊ लागली आहे. एकच प्रश्न सात-आठ सदस्यांच्या नावावर दिसतो. काही भाषणे अवघ्या दोन परिच्छेदांची आहेत. आणि ज्या स्थायी समितीत ते बराच काळ होते, तिच्या अहवालांत त्यांचे नाव सदस्यांच्या यादीपलीकडे जवळजवळ कोठेच नाही. अशा खासदाराचे वादविवादांतील आणि समित्यांतील योगदान नेमके कोठे शोधावे आणि कशाला किती वजन द्यावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माजी_स्वीय_सहायक

मी काही वर्षे दिल्लीत एका खासदारांच्या कार्यालयात काम केले आहे, त्यामुळे प्रश्नांची बाजू सांगतो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि जास्तीत जास्त २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न वर यायचा हे सोडतीने ठरते. एकाच विषयावर अनेकांच्या सूचना आल्या की सचिवालय त्या एकत्र करते आणि सर्वांची नावे एका प्रश्नाखाली लागतात. आपण पाहिलेली सात-आठ नावे ती हीच. संकेतस्थळावर मात्र तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर एकेक म्हणून जमा होतो. शिवाय बहुतेक प्रश्नांचा मसुदा स्वीय सहायकच तयार करतो, हेही उघड गुपित आहे. वर्तमानपत्रातील बातमी घ्यायची, तिचे (क) ते (ङ) असे भाग पाडायचे, तळाशी साहेबांची सही घ्यायची, झाला प्रश्न तयार. त्यामुळे केवळ संख्या पाहिली, तर साहेबांपेक्षा त्यांच्या कार्यालयाची तत्परताच अधिक कळेल.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. उसाच्या थकीत बिलांविषयी ‘किती रक्कम थकली आहे आणि शासन काय करीत आहे’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर जवळजवळ ठरलेले असते : राज्यनिहाय तक्ता जोडला आहे आणि अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारांकडे आहेत. पण ज्याला विषय कळतो तो वेगळे विचारतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. म्हणून तो विचारतो की, मागील हंगामात या कलमाखाली प्रत्यक्षात किती व्याज वसूल करून शेतकऱ्यांना दिले गेले आणि ती माहिती केंद्राकडे नसेल तर का नाही. असा प्रश्न आला की मंत्रालयाची पळापळ होते. आपल्या खासदारांचे ऊस, साखर आणि कापड या विषयांवरील प्रश्न वेगळे काढून त्यांची शब्दरचना तपासा. त्यांचा काळ २००९ च्या आधीचा असेल तर ‘एफआरपी’ (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) या शब्दाने काहीच सापडणार नाही. तेव्हा ‘किमान वैधानिक किंमत’ होती, त्या नावाने शोधावे लागेल.

तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आला असेल, तर त्या दिवसाचे कामकाज पूर्ण वाचा. लेखी प्रश्न कार्यालयाचा असू शकतो, पण मंत्र्यांचे उत्तर ऐकून उभ्या उभ्या विचारलेला पुरवणी प्रश्न बहुधा खासदाराचा स्वतःचा असतो. माणूस तेथे कळतो.

बिंदूचौक

सर्वांचा मान राखून लिहितो. लोकसभेत कोण काय बोलले यावर आपल्याकडे मते पडत नाहीत. खासदार लग्नाला आला का, मयताला आला का, रुग्णालयातील खाटेसाठी त्याने फोन केला का आणि खासदार निधीच्या वर्षाच्या पाच कोटींतून आमच्या गावाला काय मिळाले, एवढेच लोक पाहतात. चार जणांनी वाचायच्या स्मरणिकेसाठी पुरवणी प्रश्न शोधत बसण्यात काय हशील?

वकीलसाहेब_शाहूपुरी

बिंदूचौक यांचे निरीक्षण खरे असले, तरी ते मतदारांविषयीचे आहे आणि प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे ते खासदाराच्या कामाविषयी. लग्नाला हजर राहण्याचे काम आमदार, सरपंच, कोणीही करू शकतो. केंद्रीय मंत्रालयाच्या सचिवाला समोर बसवून जाब विचारण्याचा अधिकार मात्र संसदेच्या सदस्यांनाच असतो. आता मुद्द्याकडे येतो.

समितीच्या अहवालात नाव सापडत नाही, याचा अर्थ काम केले नाही असा होत नाही. विभागांशी संलग्न स्थायी समित्यांची पद्धत १९९३ साली सुरू झाली. आज अशा २४ समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, तेथे दूरदर्शनचे कॅमेरे नसतात आणि म्हणूनच सत्ताधारी पक्षाचा सदस्यही तेथे मोकळेपणाने बोलतो. अर्थसंकल्पानंतर मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाचे प्रस्ताव, याच समित्यांपुढे तपासल्या जातात. सभागृहात तर त्यांतील बहुतेक मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. अहवालाची भाषा मात्र सामूहिक असते. ‘समितीने विचारणा केली’, ‘समितीला खेद वाटतो’ असे लिहिले जाते आणि ती विचारणा कोणी केली हे त्यात येत नाही. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चसारख्या संस्था खासदारांची उपस्थिती, प्रश्न आणि चर्चांतील सहभाग यांची नोंद ठेवतात. पण समितीतील काम अशा मोजदादीत उतरत नाही.

तरीही तीन धागे हाती लागू शकतात. अहवालाच्या शेवटी प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त जोडलेले असते आणि त्यात उपस्थित सदस्यांची नावे असतात. अधिकाऱ्यांच्या साक्षीच्या बैठकांना आपले खासदार नियमित होते की केवळ अहवाल स्वीकारण्याच्या बैठकीला आले, हे त्यातून स्पष्ट होते. दुसरे म्हणजे भिन्नमत पत्रिका. सदस्याचे स्वतःचे म्हणणे त्याच्या सहीनिशी छापले जाते असे अहवालातील हे जवळपास एकमेव ठिकाण आहे आणि ते क्वचित आढळते. तिसरा धागा सर्वांत कष्टाचा, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केले, याचा स्वतंत्र अहवाल नंतर येतो आणि त्यात स्वीकारलेल्या, नाकारलेल्या व उत्तराची वाट पाहणाऱ्या शिफारशी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. खासदार सभागृहात वारंवार मांडत असलेला मुद्दा समितीच्या शिफारशीत उमटला आणि पुढे सरकारने तो स्वीकारला, असे एक जरी उदाहरण सापडले, तरी शेकडो अतारांकित प्रश्नांपेक्षा मी त्याला अधिक गुण देईन.

भाषणे लहान का, याचेही कारण आहे. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो आणि पक्षाचे नेते बोलून झाल्यावर मागच्या बाकापर्यंत तीन-चार मिनिटेच उरतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. त्याआधीचा काळ वेगळा होता. काँग्रेसच्याच बाकांवर बसणाऱ्या फिरोज गांधींनी १९५७ च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाचे प्रकरण सभागृहात मांडले. न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीनंतर फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले. कायद्यानंतरच्या खासदाराला ही फूटपट्टी लावणे अन्यायाचे होईल.

सायबर_चौकातील_वाचक

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडते. खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली विधेयके, पाहायला विसरू नये. आजवर अशी १४ विधेयकेच कायद्यात रूपांतरित झाली असून १९७० नंतर एकही झालेले नाही. म्हणून ‘मंजूर झाले का’ हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे १९६७ चे घटनादुरुस्ती विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही, पण मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार त्यांनी मांडला होता आणि १९७१ मध्ये सरकारने स्वतःच्या २४ व्या घटनादुरुस्तीने तो प्रस्थापित केला. अलीकडे, ऑगस्ट २०१८ मध्ये हातकणंगल्याचे तत्कालीन खासदार राजू शेट्टी यांनी शेतकरी कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवरील दोन खासगी विधेयके मांडली. लोकसभा विसर्जित होताच ती निकालात निघाली, परंतु मागणीचा कायदेशीर मसुदा मात्र संसदेच्या दप्तरी राहिला.

जाता जाता एक गोष्ट. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव आहे, ते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर १९५२ च्या पहिल्या लोकसभेत कोल्हापूर-सातारा मतदारसंघाचे अपक्ष सदस्य होते. तेथे रोज अभ्यासाला बसणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल, कोणास ठाऊक! त्यांची भाषणे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात उपलब्ध आहेत. पाठीशी पक्ष नसलेला माणूस सभागृहात स्वतःसाठी जागा कशी करून घेतो, ते त्यांत पाहायला मिळते.

करवीरवासी

सर्वांचे मनापासून आभार. एकूण संख्या मथळ्यात द्यायची नाही, असे मी संपादक मंडळाला कळवत आहे; दिलीच तर ती तळटीपेत, एकत्रित प्रश्नांचा खुलासा करून. एक शंका उरली. त्यांच्या बऱ्याच प्रश्नांना ‘माहिती संकलित करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ एवढेच उत्तर आहे. हे प्रश्न वाया गेले असे समजावे काय?

माजी_स्वीय_सहायक

मुळीच नाही. असे उत्तर म्हणजे सरकारने दिलेले आश्वासन समजले जाते आणि ते साधारणतः तीन महिन्यांत पुरे करायचे असते. त्यासाठी शासकीय आश्वासनांची स्वतंत्र समिती आहे आणि ती मंत्रालयांच्या मागे लागते. आश्वासन पुरे झाले की मंत्रालय त्याचे निवेदन पटलावर ठेवते. प्रश्नाचा क्रमांक आणि दिनांक हाती ठेवून पुढील अधिवेशनांत पटलावर ठेवलेले कागद पाहा. मूळ उत्तरात नसलेले आकडे तेथे मिळतील. काही मंत्रालये आश्वासन रद्द करण्याची विनंती करतात आणि समिती ती फेटाळते, असेही घडते. तसे एखादे प्रकरण आपल्या खासदारांच्या प्रश्नावरून झाले असेल, तर समितीच्या अहवालात प्रश्नाच्या क्रमांकासह त्याची नोंद असते.