गॉडी नाइट: रहस्यात प्रेमप्रकरण कशाला?

वाचनवेडी: डोरोथी सेयर्सची 'गॉडी नाइट' (1935) वाचतेय, अर्धी झालीये. ऑक्सफर्डच्या बायकांच्या कॉलेजात कोणीतरी घाणेरड्या निनावी चिठ्ठ्या टाकतंय, नासधूस करतंय आणि रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट व्हेन छडा लावायला आलीये, इथवर मस्त. पण खून एकही नाही, आणि मधेच हिचं त्या हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झीशी लग्न करू की नको सुरू. ते घुसडल्यासारखं नाही वाटत का? पुढे वाचू?

शोधक: वाच गं! घुसडलेलं अजिबात नाहीये, दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, डोक्याचं काम आणि मनातलं माणूस दोन्ही प्रामाणिकपणे सांभाळता येतात का. चिठ्ठ्यांमधला राग शिकलेल्या बायकांवरच आहे ना. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या दिल्या 1920 मध्ये, सेयर्स स्वतः त्या पहिल्या बायकांमधली, म्हणून ते स्टाफरूममधले वाद इतके जिवंत वाटतात. आणि पीटरने हॅरिएटला आधीच्या 'स्ट्राँग पॉयझन' कादंबरीत फाशीपासून वाचवलंय, आता उपकार मानून हो म्हटलं तर बरोबरीचं नातं कसं राहणार, हीच तिची अडचण.

निशाचर: +1. सॉनेटचा, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेचा प्रसंग आला की बघ. हॅरिएटच्या आठ ओळी होतात, पुढे सुचत नाही, तो कागद केसच्या कागदांबरोबर पीटरकडे जातो आणि तो उरलेल्या सहा लिहून टाकतो. बरं, तिची री ओढत नाही हां, तिने मागितलेली शांतता तो गरगर फिरणाऱ्या भोवऱ्याची करतो, म्हणजे चक्क वाद घालतो कवितेतून! मला यापेक्षा रोमँटिक काही आठवत नाही. आणि तिच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावरही 'तू निघून जा' म्हणत नाही, गळा आवळला तर सुटायचं कसं ते शिकवतो आणि गळ्यात घालायला कुत्र्याचा जाड पट्टा घेऊन देतो.

चहाबाज: प्रेमाचं पटलं, पण रहस्य म्हणून कोडं जरा सैल आहे असं माझं मत. प्राध्यापिका इतक्या की कोण कुठली लक्षातच राहत नाही, मी कागदावर नावं लिहून ठेवली तेव्हा कुठे जमलं.

वाचनवेडी: 'स्ट्राँग पॉयझन' वाचलंच नाहीये मी! आधी ते वाचू?

शोधक: हो, आधी तेच. छोटं आहे, आणि तिचा नकार कुठून येतो ते कोर्टातल्या पहिल्याच प्रकरणापासून कळायला लागतं.