चर्चा : तिन्ही सैन्यदलांचं प्रशिक्षण एका साखळीत आणायचं का?

उस्ताद_सातारा

मी लष्कराच्या इंजिनिअर्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची सहा वर्षं उस्ताद, म्हणजे जवानांना शिकवणारा, होतो. बरीच वर्षं मनात साचलेलं मांडतोय. विरोध असेल तर तोही ऐकायचा आहे.

आमच्या एका कोर्सच्या प्रेसीत, म्हणजे शिकवायच्या टिपणांच्या पुस्तकात, एका यंत्रावर अख्खं प्रकरण होतं. ते यंत्र पलटणींतून कधीच गेलं होतं, त्याच्या जागी नवं आलं होतं. कोर्सला येणारी पोरं नवं यंत्र हाताळून आलेली असत आणि मी त्यांच्याकडून जुन्याचे भाग पाठ करून घेत होतो, कारण परीक्षेत तेच विचारलं जायचं. मी तीनदा लिहून दिलं. कागद वर गेला, पोचही आली. माझी बदली झाली तेव्हा ते पान जसंच्या तसं होतं.

यात कुणी कामचुकार नव्हतं. अभ्यासक्रम लिहिणारे एका गावात, शिकवणारे दुसऱ्या, आणि कोण काय शिकला याची नोंद तिसऱ्या गावातल्या रेकॉर्ड ऑफिसात. जवान पलटणीत परत गेल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत जायला वाटच नव्हती.

आता तिन्ही दलांकडे बघा. लष्कराची प्रशिक्षण कमांड सिमल्याला, नौदलाची कोचीला, हवाई दलाची बंगळुरूला. तिघांची पुस्तकं वेगळी, नोंदी वेगळ्या. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी लष्कराची आकाशतीर आणि हवाई दलाची आयएसीसीएस या हवाई संरक्षणाच्या यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे आकाशाचं चित्र दोघांना मिळून दिसत होतं. यंत्रं जोडली गेली. त्या पडद्यांसमोर बसणारी माणसं मात्र आजही आपापल्या दलाच्या शाळेत, आपापल्या पुस्तकावर तयार होतात.

अमेरिकेच्या सेनादलांसाठी १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने प्रशिक्षण बांधण्याची एक सामाईक पद्धत तयार केली. तिच्यात पाच पायऱ्या होत्या : कामाची फोड, आखणी, साहित्य, शिकवणं आणि शेवटी नियंत्रण, म्हणजे शिकवलेलं कामाला आलं का हे तपासून पुस्तकात दुरुस्ती करणं. पहिल्या चार पायऱ्या मी उस्ताद म्हणून डोळ्यांनी पाहिल्या. पाचवी कधी पाहिली नाही.

म्हणून म्हणतो, अभ्यासक्रम, वर्ग आणि नोंद एकाच व्यवस्थेत बांधा, आणि तीही तिन्ही दलांना मिळून एकच असू द्या.

लोणावळ्याचा_खलाशी

सुभेदारसाहेब, पानाची गोष्ट काळजाला लागली. उपाय मात्र पटला नाही.

मी नौदलातला, इंजिनरूमचा माणूस, आयएनएस शिवाजीवर, म्हणजे लोणावळ्याच्या नौदलाच्या इंजिनिअरिंग शाळेत घडलो. जहाजाला भोक पडलं तर पळून जायला जागा नसते. त्यामुळे आम्हाला शिकवताना खोट्या कप्प्यात खरं पाणी सोडतात, आणि ते छातीला लागेपर्यंत लाकडी पाचरी ठोकून भोक बुजवायचं असतं. हे शिक्षण समुद्रावर माणसं गमावून, शिकून तयार झालंय. उद्या तिन्ही दलांचा एक साचा आला की कुणीतरी कार्यालयात बसून विचारणार, हा विषय किती जणांच्या कामाचा? आकडा कमी भरला की तास कापणार.

हे भय मी हवेतून काढत नाही. कॅनडाने १ फेब्रुवारी १९६८ ला तिन्ही दलं मोडून एकच केली, सगळ्यांना एकच हिरवा गणवेश दिला. ऐंशीच्या दशकात गणवेश पुन्हा वेगळे करावे लागले आणि २०११ मध्ये नौदल-हवाई दलाची जुनी नावंही परत आली. ब्रिटनने तिन्ही दलांचं तांत्रिक शिक्षण वेल्समधल्या सेंट अथन इथे खासगी कंपन्यांच्या गटाकडे सोपवायची प्रचंड योजना आखली. वर्षानुवर्षं खल झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ती रद्द झाली. दोन्ही देश काही अडाणी नव्हते.

तुमचं पान बदललं नाही, कारण तुमच्या कोर्सला वाली नव्हता. त्यासाठी तीन दलांना एका दावणीला बांधू नका.

गांधीनगर_नाशिक

खलाशीदादा, आमच्या घरावरून रोज लष्कराची शिकाऊ हेलिकॉप्टरं जातात, त्यामुळे गप्प बसवत नाही. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक आमच्या नाशिकला तयार होतात. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्याही इथूनच. हवाई दलाचे हेलिकॉप्टर वैमानिक हैदराबादजवळ हकीमपेटला शिकतात, नौदलाचे तामिळनाडूत अरक्कोणमला, आयएनएस राजाळीवर. चेतक हेलिकॉप्टर मात्र तिन्ही दलांत आहे.

इंजिन बंद पडल्यावर पात्यांच्या फिरण्यावर हेलिकॉप्टर सावरून खाली आणणं, हे तिघांनाही शिकावं लागतं. एखाद्या शाळेला ते शिकवण्याची चांगली रीत सापडली तर ती उरलेल्या दोघींना कुठल्या वाटेने कळते? जहाजाच्या डेकवर उतरणं नौदलानेच शिकवावं, सियाचीनचं उड्डाण सियाचीन पाहिलेल्यांनीच. त्याआधीचे धडे तरी एका वहीत असू द्या.

कोथरूडचा_प्रोग्रामर

मी प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर बांधतो. सैन्यासाठी नाही, कारखान्यांसाठी. आणि मी खलाशीकाकांच्या बाजूने आहे, कारण वेगळं आहे.

एका ठिकाणी आम्ही तीन कारखान्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी एकत्र केल्या. एका कारखान्यात ‘प्रशिक्षित’ म्हणजे परीक्षा पास, दुसऱ्यात नुसता वर्गाला हजर, तिसऱ्यात सहा महिने यंत्रावर काम केलेला. तिघेही एकाच रकान्यात पडले. आठ महिन्यांनी पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं, आणि एका पाळीत यंत्र चालवायला माणूस नव्हता. चूक आमची होती. आधी शब्दांचे अर्थ ठरवायला हवे होते.

लष्कराच्या कोर्सला ‘एएक्सआय’ असा दर्जा मिळतो, शेवटचा ‘आय’ म्हणजे हा माणूस उस्ताद होण्यालायक, असं वडिलांकडून ऐकलंय. नौदलाच्या नोंदीत त्याच्या तोडीचं काय धरणार? यंत्र विचारत नाही, काहीतरी भरून मोकळं होतं.

आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कोण कुठल्या शस्त्रावर कधी शिकला, याची तिन्ही दलांची यादी एकाच जागी ठेवायची म्हणजे शत्रूला एकच कुलूप फोडावं लागेल. नव्या शस्त्रावर अचानक दोनशे जण शिकायला गेले, एवढं कळलं तरी पुरे.

अग्निवीराची_आई_बेळगाव

मला यंत्रातलं कळत नाही. माझा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला होता, बहिणीचा मुलगा सांब्र्याला हवाई दलात. एकाच गावात दोघं अग्निवीर झाले. दोघांनी रायफल शिकली, प्रथमोपचार शिकला, आग विझवणं शिकलं. सुट्टीत दोघं वह्या घेऊन बसले तर एकाच कामाला दोन वेगळी नावं. दोघं हसले, मला मात्र काळजी वाटली.

चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच राहणार, बाकीचे घरी येणार. जून २०२२ मध्ये सांगितलं होतं की इग्नूच्या पदवीचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या शिक्षणातून मिळतील. मग माझ्या मुलाने काय काय शिकलं, किती तास शिकलं, हे कुठेतरी नीट लिहिलेलं नको का? जानेवारी २०२३ ला गेलेल्या पहिल्या पोरांची चार वर्षं भरत आली. घरी आल्यावर नोकरी देणारा विचारेल, काय येतं तुला? तेव्हा कागद पुढे ठेवायला हवा. शत्रूचं भय मला मान्य आहे, पण त्या भयापायी माझ्या मुलाची नोंदच अपुरी राहिली तर ते मला मान्य नाही.

उस्ताद_सातारा

ताई, तुमचं ऐकून माझ्या मांडणीत उणीव होती हे कळलं. मी पलटणीच्या बाजूनेच बघत होतो, घरी परतणाऱ्या पोराचा विचार केलाच नव्हता.

प्रोग्रामरभाऊ, शब्दांचे अर्थ आधी, हे पूर्ण मान्य. अर्थ ठरवायलाही तिघांना एका टेबलाशी बसावंच लागेल, आणि ते टेबल म्हणजेच मी मागतोय ती व्यवस्था. गुप्ततेचंही खरं आहे. शस्त्राची नोंद दलाकडे राहू दे, पोराच्या कौशल्याची नोंद वेगळी काढा. दोन्ही एका पेटीत ठेवायलाच हव्यात असं नाही.

खलाशीदादा, कॅनडाने दलं मोडली. मी दलं मोडा म्हणत नाही. खडकवासल्याला एनडीएत १९५५ पासून तिन्ही दलांचे कॅडेट एकाच स्क्वाड्रनमध्ये तीन वर्षं राहतात, मग डेहराडून, एझिमला आणि दुंडिगलला आपापल्या दलाच्या अकादमीत जातात. अधिकाऱ्यांना जे लाभतं ते जवानांच्या पायाभूत धड्यांना का लाभू नये? सुरुवात बेळगावपासून करा. सेंटर आणि सांब्रा, दोन्ही एकाच गावात आहेत. रायफल, प्रथमोपचार, आग, एवढे तीन विषय घ्या आणि वर्षभर बघा.

लोणावळ्याचा_खलाशी

आग सामाईक करायला माझी ना नाही, पण जहाजावरची आग सोडून. कप्प्यातलं पाणी आमच्याकडेच राहील, ते मी सोडणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या परिषदेत तिन्ही दलांच्या शिक्षण शाखा एकत्र करायचं जाहीर झालंच आहे, म्हणजे टेबल मांडलं जातंय. मला एकच सांगा, साहेब. त्या सामाईक वहीतलं पान चुकीचं निघालं तर बदलायची सही कुणाची? तिघांची लागली तर तुमचं पान अजून वीस वर्षं तसंच राहील.

उस्ताद_सातारा

सही एकाची. ज्या दलाच्या हाती तो विषय सोपवला त्याच्या प्रशिक्षण कमांडची, बाकी दोघांनी हरकत घ्यायची तर लेखी घ्यावी. आणि मुदत हवी. पलटणीतून किंवा वर्गातून चूक कळवली की नव्वद दिवसांत पान बदलायचं, नाहीतर का बदललं नाही ते कळवायचं. ते उत्तर कळवणाऱ्या उस्तादाच्या नावाने त्याच्या हातात यावं. मला तीन पोचा मिळाल्या, उत्तर एकही नाही.