३,३५,५०,३३६ : कोणते गुणधर्म परिपूर्णतेतून येतात?

प्रश्न :
३,३५,५०,३३६ ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे. स्वतःला वगळून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते. शिवाय ती त्रिकोणी (१ ते ८१९१ यांची बेरीज) आणि षट्कोनी (तितके ठिपके षट्कोनी रचनेत मांडता येतात अशी) आहे, १ ते १२७ या विषम संख्यांच्या घनांची बेरीज आहे, तिच्या विभाजकांचा हरात्मक मध्य (विभाजकांची संख्या भागिले त्यांच्या व्यस्तांची बेरीज) १३ आहे, आणि द्विमान पद्धतीत ती तेरा एक व त्यापुढे बारा शून्ये अशी लिहिली जाते. तिच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे पुन्हा एक परिपूर्ण संख्याच! यांपैकी परिपूर्णतेमुळे काय येते आणि योगायोग कोणता?

प्रतिसाद १ :
सारे मूळ ४०९६ × ८१९१ या अवयवांत आहे. ४०९६ हा २ चा बारावा घात आणि ८१९१ ही २ च्या तेराव्या घाताहून एकने लहान असलेली मूळ संख्या आहे. अशा गुणाकारातून परिपूर्ण संख्या मिळते हे युक्लिडने दाखवले, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते हे ऑयलरने सिद्ध केले. हरात्मक मध्याचे कारणही सोपे आहे : कोणत्याही परिपूर्ण संख्येच्या सर्व विभाजकांच्या व्यस्तांची बेरीज २ असते आणि येथे विभाजक २६ आहेत, म्हणून मध्य १३.

प्रतिसाद २ :
अवयवांविषयीचे विधान मान्य, परंतु त्रिकोणी, षट्कोनी, घनांची बेरीज आणि द्विमान रूप यांना ८१९१ मूळ असण्याची गरजच नाही. पडताळ्यासाठी ८१९१ मधल्या २ च्या घातांकात १३ ऐवजी ११ घ्या : १०२४ × २०४७ = २०,९६,१२८. ही संख्याही त्रिकोणी व षट्कोनी आहे, १ ते ६३ या विषम संख्यांच्या घनांची बेरीज आहे, आणि द्विमान पद्धतीत अकरा एक व दहा शून्ये अशीच दिसते. मात्र २०४७ = २३ × ८९ असल्यामुळे स्वतःला वगळून तिच्या विभाजकांची बेरीज २३,२५,३९२ होते, म्हणजे ती परिपूर्ण नाही. गंमत अशी की तिच्याही अंकांची बेरीज २८ आहे, तेव्हा त्या २८ ला महत्त्व देऊ नये.

प्रश्नकर्ता :
मग दोन्हीकडे २८ येणे हा निव्वळ योगायोग मानावा का?

प्रतिसाद २ :
नेमके २८ येणे योगायोगाचे, पण ९ ने भागल्यावर बाकी १ उरणे नव्हे. दुसऱ्या अवयवातील २ चा घातांक (येथे १३ किंवा ११) विषम असेल तर पहिल्या अवयवाची बाकी १, ४ किंवा ७ असते आणि दुसऱ्याची त्याच क्रमाने १, ७ किंवा ४. तिन्ही वेळा गुणाकाराची बाकी १ येते. परिपूर्ण संख्यांपैकी ६ मात्र या नियमात बसत नाही, कारण तिचा घातांक २ हा सम आहे. घनांच्या बेरजेतूनही ती याच कारणाने वगळली जाते.