मापाची दारं, मापाच्या खिडक्या: तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

पेठेतला पाहुणा (धागाकर्ता)

दिवाळीआधी घराघरांत काम निघतं आणि प्रत्येक ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो: यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) की अ‍ॅल्युमिनियम? सागवान की फ्लश डोअर (थर चिकटवून केलेलं सपाट दार)? उत्तरंही ठरलेलीच. ज्याने जे घेतलं तेच उत्तम. इथे ती कुस्ती नको. तुमच्या भिंतीतल्या नेमक्या त्या जागेसाठी दार किंवा खिडकी मुद्दाम करून घेतली असेल, तर ती तशी का केली, कुठे अडलं आणि आज कशी चालते, ते लिहा. दुकानांची आणि कंत्राटदारांची नावं टाळा.

सुरुवात मी करतो. आमची पुण्यातली इमारत जुनी, आणि तिच्यातली एकही खिडकी काटकोनात नाही. समोरच्या खोलीतल्या खिडकीची वरची रुंदी खालच्यापेक्षा पाऊण इंच कमी. स्लायडिंगवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, सगळं फोडून नव्याने घडवू. सुतारकाकांनी मात्र चौकटीला पटाशी टोचून पाहिली आणि हातच लावू दिला नाही. सागवान ठणठणीत होतं, लोखंडी गजही. त्यांनी त्याच चौकटीत बाहेर उघडणारी काचेची तावदानं आणि आत उघडणाऱ्या जाळीच्या झडपा केल्या, प्रत्येक झडप त्या त्या बाजूच्या मापाने जराशी तिरकी. भिंत फोडली नाही, टाइल उचकटल्या नाहीत. आपल्या जुन्या घरांत गज मध्ये, काच बाहेर, जाळी आत ही रचना उगाच नव्हती, हे तेव्हा पटलं.

श्रीवर्धनकर

आमचं घर जांभ्याचं. पुढचं दार आजोबांनी परसातल्या फणसाचं केलेलं. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक दिसतं, वर्षांनी तपकिरी होत जातं. आतल्या बाजूला आडणा, म्हणजे दारामागे आडवा घालायचा लाकडी दांडा. मागच्या पडवीला मात्र आम्ही हौसेने अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या सरकत्या खिडक्या लावल्या होत्या.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्याला लागलं. कौलं गेली, माड गेले, ते सगळ्यांचंच गेलं. पण दाराखिडक्यांचं सांगतो. आडण्याचं दार जागचं हललं नाही. पडवीतल्या सरकत्या काचा वाऱ्याच्या दाबाने ट्रॅकमधून वर उचलल्या गेल्या आणि आत पडल्या. काच आधी फुटली नाही, खिडकीच निसटली! सरकत्या तावदानाला वरच्या खाचेत थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर ते बसवताच येत नाही. पण बसवल्यावर त्या जागेत अडवणारा ठोकळा घालायचा असतो, तो आमच्याकडे नव्हता.

आता पडवीला बाहेर उघडणारी, ऐनाच्या लाकडाच्या चौकटीची तावदानं आहेत, वर-खाली दोन्हीकडे खिटी. वारा आला की तो तावदान चौकटीवरच दाबतो. आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनो, स्क्रू आणि बिजागरं एसएस 316 ची (सहसा न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलची) मागा. सेक्शन, म्हणजे खिडकीची धातूची पट्टी, चांगला असतो, स्क्रू गंजतात, आणि मग चांगल्या सेक्शनला कोणी विचारत नाही.

वऱ्हाडी कूलर

आमच्याकडे खिडकी म्हणजे कूलरची जागा, बाकी सगळं मागून. आर्किटेक्ट पुण्याचे. त्यांनी नकाशात सगळीकडे दोन ट्रॅकची स्लायडिंग काढली. मी म्हटलं, साहेब, एप्रिलमध्ये या जरा नागपूरला. स्लायडिंग अर्धीच उघडते, कूलरचं तोंड त्या अर्ध्यात बसत नाही, आणि बसवलंच तर उरलेल्या फटीला पुठ्ठे लावून अख्खा उन्हाळा काढायचा.

म्हणून उलटं केलं. आधी कूलर घेतला, त्याचं तोंड मोजलं, मग लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, लाकूड पाहायला गेलो. खिडकीचे दोन भाग केले. खाली कूलरच्या तोंडाएवढी स्वतंत्र झडप, हिवाळ्यात बंद करता येईल अशी. वर उघडणारी तावदानं. आणि समोरच्या भिंतीत उंचावर एक लहान खिडकी, कारण कूलरची हवा दुसरीकडून बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते. ही दुसरी खिडकी लोक विसरतात आणि मग कूलरला शिव्या घालतात.

सागवान बल्लारशाच्या बाजूचं. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड इथूनच गेलं, तर आमच्या कूलरच्या खिडकीला का नको?

रंधा

मी सुतार आहे, वडीलही सुतार. दोन गोष्टी सांगतो, त्या गिऱ्हाईक विचारत नाही.

लाकडाचा हिशेब घनफुटात होतो. पाच बाय अडीच इंचाची चौकट, सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचं एक आडवं. साडेसतरा फूट लांबी गुणिले पाच गुणिले अडीच, भागिले 144. म्हणजे साधारण दीड घनफूट. भाव लागतो तो या कापलेल्या मापाचा. रंधा मारल्यावर हातात येणारी चौकट पाच बाय अडीच राहत नाही, प्रत्येक बाजूने थोडी उतरते. ती चोरी नाही. पण आधी बोलून घेतलं नाही तर टेप लावून भांडण होतंच.

दुसरं, सागवान म्हटलं की लोक निर्धास्त होतात. सागाचा गाभा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग नाही. त्याला किडा लागतो आणि बारीक पीठ पडायला लागतं. पॉलिश मारल्यावर दोन्ही सारखं दिसतं. म्हणून पॉलिशआधी या, फळी उलटीपालटी करून बघा. आणि चौकटीची भिंतीकडची बाजू डांबर लावल्याशिवाय बसवू देऊ नका, ओल तिथूनच चढते.

ठाण्याची मावशी

खिडक्यांचं खूप झालं, मी दाराचं लिहिते. आई पडल्यावर व्हीलचेअर आली आणि घर किती अरुंद आहे ते कळलं. बाथरूमचं दार अडीच फुटी. अडीच फूट म्हणजे तीस इंच, असं आपण धरतो. त्यातून चौकट वजा करा. दार नव्वद अंशांत उघडलं तरी त्याची जाडी वाटेत उभी असते, तीही वजा करा. हातात राहतात सव्वीस इंच, तेही नशीब असेल तर. खुर्ची पंचवीसची. आईच्या बोटांची सालं निघायची.

दोन कामगारांनी सांगितलं की भिंत तोडून तीन फुटी दार करा. तिसऱ्या, वयस्कर मिस्त्रींनी आधी विचारलं, वरचा लिंटेल (दारावरची भिंत पेलणारी आडवी तुळई) किती लांब आहे? स्ट्रक्चरल इंजिनियरना बोलावलं. ती भिंत चार इंची पार्टिशनची निघाली, पण लिंटेल वाढवावा लागलाच. मग चौकटच काढून टाकली आणि बाहेरच्या बाजूने भिंतीवर सरकणारं दार केलं, वरच्या ट्रॅकला टांगलेलं. खाली उंबरा नाही. आता दाराची जाडी वाटेत येत नाही आणि पूर्ण रुंदी मिळते.

सरकतं करायचं आणखी एक कारण होतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर बाहेरून दार ढकलता येत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. तोटा हाच की सरकत्या दारातून आवाज आणि वास थोडा येतो. आम्ही एक्झॉस्ट बदलला. आईची तक्रार वेगळीच आहे: "कडी लागत नाही, लाज वाटते." शेवटी बाहेरूनही उघडता येईल असा लॅच शोधून लावला.

कृष्णाकाठ

सांगली. ऑगस्ट 2019 च्या पुरात खालचा मजला पाण्यात होता. फ्लश डोअरचे थर पाकळ्यांसारखे उलगडले. पुढचं सागवानी दार फुगून चौकटीत अडकलं होतं. ते सावलीत हळूहळू वाळू दिलं, उन्हात ठेवलं असतं तर तडकलं असतं. मग थोडा रंधा मारला आणि ते पुन्हा लागलं.

नवीन काम करताना तळमजल्याच्या आतल्या चौकटी ग्रॅनाईटच्या केल्या आणि दारांना उचलून काढता येतील अशी बिजागरं लावली. 2021 च्या जुलैत पाणी चढू लागलं तेव्हा दारं उचलून माडीवर नेली. पाणी ओसरल्यावर पुसून परत अडकवली. असं दार तयार मिळत नाही, सांगून करून घ्यावं लागतं. करणारा आधी हसतो.

फॅब्रिकेटर

सगळं वाचतोय. आता आमची बाजू.

साहेब लोक प्लास्टरआधी माप घ्यायला बोलावतात, कारण ऑर्डर लवकर जावी. मग प्लास्टर, मग ग्रॅनाईटची पट्टी, आणि ओपनिंग सगळीकडून कमी झालेलं असतं. दाराचं तर आणखी वाईट. टाइल आणि खालचा मसाला मिळून फरशी दोन-तीन इंच वर येते. म्हणून भिंतीवर एक मीटरची लेव्हल, म्हणजे सरळ आडवी रेघ, मारून घ्या आणि सगळी मापं तिच्यावरून द्या. रुंदी वर, मध्ये, खाली मोजायची, उंचीही तीन जागी, मग दोन्ही कर्ण. सगळ्यात लहान माप धरायचं आणि भोवती थोडी फट सोडायची. ती फट म्हणजे आमचा आळस नाही. तिथे सीलंट भरतो आणि उन्हात फ्रेम वाढते तेव्हा ती जागा लागते.

काच टफन केली (तापवून मजबूत केली) की नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. त्यामुळे "जरा घासून बसवा ना" हे काचेला लागू नाही. आणि मोठी काच मागवण्याआधी जिना बघा. एका ठिकाणी आठ फुटी काच लिफ्टमध्ये मावली नाही आणि जिन्याच्या वळणावर फिरली नाही. शेवटी दोन भागांत नवी करावी लागली.

म्युनिकवासी

इथल्या भाड्याच्या घरातली खिडकी सांगतो. मूठ खाली असली की बंद, आडवी केली की खिडकी दारासारखी आत उघडते, वर केली की फक्त वरची कड आत कलते. आई आली होती, तिने पहिल्यांदा मूठ वर केली आणि खिडकी अंगावर येते म्हणून ओरडलीच. कोल्हापूरच्या घराला अशीच करायचा विचार आहे. बाहेरचं ग्रील राहील, कारण खिडकी आत उघडते. कोणी केली आहे का?

ठाण्याची मावशी

@म्युनिकवासी, आमच्या शेजाऱ्यांनी केली आहे. ग्रीलचं ठीक. पण पडदा, पलंग आणि खिडकीत ठेवलेल्या कुंड्या रोज आडव्या येतात. आणि पावसाळ्यात कलती ठेवली की वाऱ्याबरोबर शिंतोडे आत.

फॅब्रिकेटर

@म्युनिकवासी, कोल्हापुरात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूला छज्जा किती बाहेर आहे ते बघा. कमी असेल तर तिथे बाहेर उघडणारी घ्या, ग्रील आत घ्या आणि जाळी गुंडाळणारी. पूर्वेला तुमची जर्मन चालेल. खिडकी कुठलीही असो, खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आणि फ्रेमला पाणी जायची छिद्रं आहेत का, ते पैसे देण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा.

पेठेतला पाहुणा (धागाकर्ता)

ग्रीलवरून आठवलं, आमच्या सोसायटीत एकाने ग्रील आधी बसवलं आणि मग खिडकी केली. आता तावदान चार बोटं उघडतं. ग्रील कोणी, कुठल्या बाजूला आणि आग लागली तर उघडेल असं केलंय का, त्याचेही अनुभव येऊ द्या.