मदत हवी आहे: जपानी होस्ट फॅमिली, शाकाहार आणि दाशी. ओकाआसानना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात जपानी शिकले आणि आता वर्षभराच्या एक्स्चेंजवर ओकायामाला आले आहे. (हो, सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं नातं ज्या गावाशी आहे, तेच. मूळ बाग, कोराकुएन, इथे आसाही नदीकाठी आहे.) वसतिगृहात खोली मिळाली नाही म्हणून होस्ट फॅमिलीकडे राहते. ओतोसान (होस्ट बाबा), ओकाआसान (होस्ट आई) आणि एक म्हातारं मांजर. मुलगे ओसाकाला नोकरीत.

तक्रार करायला धागा काढलेला नाही हे आधीच सांगते. माणसं इतकी चांगली आहेत की तीच अडचण झाली आहे.

माझे वडील माळकरी. मी माळ घातलेली नाही, पण मासे-मटण-अंडी कधी खाल्ली नाहीत आणि खायचीही नाहीत. दूधदुभतं चालतं. हे सगळं फॉर्मवर लिहिलं होतं, आल्यावर तोंडीही सांगितलं. ओकाआसाननी ते इतकं मनावर घेतलं की फ्रिजवर माझ्या 'चालतं' आणि 'चालत नाही'ची यादी चिकटवली. दोघांसाठी मासा भाजला की माझं तोफू वेगळ्या तव्यावर. ओतोसान येताना किबिदांगो (इथली मऊ गोड मिठाई) घेऊन येतात, कारण त्यात मासा नाही याची त्यांनी दुकानात खात्री करून घेतलेली असते.

आता मुद्दा. घरातला प्लॅस्टिकचा कचरा धुऊन वेगळा ठेवायचं काम मी मागून घेतलंय. कांजी (जपानी लिपीतली चित्राक्षरं) जरा बरी वाचता येऊ लागल्यापासून पाकिटांच्या मागचं वाचायचा नाद लागला आहे. तर दाशीच्या, म्हणजे बहुतेक पदार्थांत घालतात त्या अर्काच्या, पुडीवर पहिलंच नाव कात्सुओ. कात्सुओ म्हणजे मासा. म्हणजे रोजच्या मिसो सूपमध्ये ते आहे, भोपळ्याच्या निमोनोत (दाशीत शिजवलेल्या भाजीत) आहे, हिजिकी या समुद्री शेवाळाच्या भाजीत आहे. जे जे खास माझ्यासाठी म्हणून केलं जातं, त्या सगळ्यात.

माझे प्रश्न:

सांगायचं कसं? मी ओळखते त्यांना. कळलं तर पुढचे कित्येक दिवस माझी माफी मागत बसतील, आणि ते मला नको आहे.

विद्यापीठात होस्ट फॅमिलीचं काम बघणाऱ्या बाई आहेत. त्यांच्यामार्फत सांगितलं तर बरं पडेल का?

आणि दाशी काढली तर त्या बिचाऱ्यांनी शिजवायचं काय?

बाबांना सांगायचं की नाही हे माझं मी बघेन, त्यावर सल्ले नकोत. (देणारच तुम्ही, तरी.)

– किबिदांगो

*

जाऊ_दे_ना: अगं तो नुसता अर्क असतो. गाळलेलं पाणी. इतके महिने खाल्लंस, काय झालं? परदेशात एवढं चालायचंच. मीही घरी कट्टर होतो, तिकडे गेल्यावर सगळं सुटलं. बाबांना सांगू नकोस.

किबिदांगो: सुटायचं असतं तर धागा कशाला काढला असता, दादा? आणि शेवटच्या सल्ल्याबद्दल आभार, कोणीतरी पहिल्याच प्रतिसादात देणार हे माहीत होतं.

*

कोबेकाकू: किबिदांगो, आधी एक मनातून काढून टाक. ओकाआसाननी तुला फसवलेलं नाही आणि त्यांचा निष्काळजीपणाही नाही. त्यांनी मासा दिला नाही. दाशी म्हणजे मासा, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. आपल्याकडे फोडणीतल्या हिंगात काय मिसळलेलं असतं याचा विचार आपण किती वेळा करतो? तसंच ते. इथे 'बेजितारियन' म्हटलं की बऱ्याच जणांना 'भाज्या आवडीने खाणारी' एवढंच कळतं.

याला जुनं कारणही आहे. इ. स. ६७५ मध्ये तेन्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली. मासे त्या बंदीत नव्हतेच. पुढे शेकडो वर्षं चारपायी प्राणी खाणं वाईट आणि मासा मात्र रोजचा, असंच चाललं. मेइजी सम्राटाने १८७२ मध्ये उघडपणे गोमांस खाल्लं ही बातमी झाली ती त्यामुळे. मांस एकीकडे आणि मासा दुसरीकडे, ही विभागणी लोकांच्या मनात अशी मुरलेली आहे.

आता सांगायचं कसं. विद्यापीठाच्या बाईंमार्फत मुळीच नको. ऑफिसातून फोन आला की ती तक्रार होते. मग फॉर्म, बैठक, आणि ओकाआसानना वाटणार की आपण इतक्या वाईट वागलो की पोरीला बाहेर जाऊन सांगावं लागलं. तुझ्या ओतोसाननाही ते लागेल.

जेवणाच्या टेबलावरही नको. समोर वाढलेलं असताना तर अजिबातच नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी, त्या ओट्याशी असताना जा आणि "सोदान गा आरुन देसु गा" म्हणून सुरुवात कर. सल्ला हवाय म्हटलं की समोरचं माणूस सल्ला द्यायच्या तयारीला लागतं, माफी मागायचं नंतर सुचतं. मग पुडी दाखव आणि सरळ सांग: "मला आत्ताच वाचता आलं, आधी कळतच नव्हतं." ते खरंच आहे, त्यामुळे त्यात बनाव नाही. आणि लगेच "इश्शो नि त्सुकुत्ते मो इइ देसु का" विचार. एकत्र करूया का? हातात काम आलं की अर्धा अवघडपणा तिथेच संपतो.

सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे शोजिन. 'शोजिन र्योरी' म्हणजे बौद्ध मठातला स्वयंपाक. त्यात मासा नाही, अंडं नाही, दाशी कोम्बु या समुद्री शेवाळाची आणि सुक्या शिताके अळंब्यांची. तुझ्या घरात बुत्सुदान (बौद्ध देव्हारा) असेल, ओकाआसान सकाळी त्याच्यापुढे भात ठेवत असतील, तर हा शब्द त्यांना माहीत आहेच. साठीच्या पुढच्या बाईने सासू किंवा आईला ओबोनच्या (पितरांच्या सणाच्या) दिवसांत तसा स्वयंपाक करताना पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. 'इंडियातलं काहीतरी अवघड पथ्य' सांभाळण्यापेक्षा हे त्यांच्या हाताला जवळचं. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. आपल्या चातुर्मासवाल्या आजीला ऐकव कधीतरी, खूश होईल. तुला मात्र कांदा चालतो हे सांगायला विसरू नकोस, नाहीतर यादीत तोही जाईल.

*

शेवटच्या_बाकावरचा: काकूंना अनुमोदन. मी फूड टेक्नॉलॉजीवाला, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ओकाआसानना चवीची चिंता वाटेल आणि ती रास्त आहे.

किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बुच्या दाशीतूनच ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. कात्सुओबुशीत (सुकवलेल्या कात्सुओच्या किसात) असतो दुसरा चवीचा घटक, इनोसिनेट. दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते, म्हणून कोम्बु-कात्सुओची जोडी जमते. पण सुक्या शिताकेमधलं ग्वानिलेट ग्लुटामेटबरोबर तेच काम करतं. त्यामुळे कोम्बु एकटी वापरली तर सूप पांचट लागेल, बरोबर दोन-तीन सुके शिताके टाकले तर नाही.

कृती म्हणावी असं काही नाही. लिटरभर गार पाण्यात साधारण १० ग्रॅम कोम्बु आणि शिताके टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. सकाळी गाळ. तापवायचं असेल तर कोम्बु उकळी यायच्या आधी काढ, नाहीतर बुळबुळीत होतं आणि वास येतो. उरलेले तुकडे बारीक चिरून शोयु (सोया सॉस) आणि मिरिनमध्ये (स्वयंपाकातल्या गोड तांदळाच्या दारूत) आटवले की भाताबरोबर मस्त लागतात. बाटली भरून ठेवायचं काम तू घे. मग ओकाआसानना फक्त पुडीऐवजी बाटली उचलायची आहे.

*

मालवणी_तडका: मी अस्सल मासेखाऊ, त्यामुळे नीतीचं बोलणार नाही. पण मासा कुठे लपतो हे आमच्याइतकं कुणाला कळणार?

मेन्त्सुयु (नूडल्सचा सॉस), पोन्झु (आंबट सॉस): बहुतेकांत कात्सुओ. मिसोच्या डब्यावर 'दाशी-इरी' (दाशी घातलेला) असेल तर ठेव खाली, साधा मिसो घे. नात्तो (आंबवलेले सोयाबीन) चालतो, पण आतली सॉसची इवलीशी पुडी वापरू नकोस, त्यात बहुधा कात्सुओचा अर्क असतो. साधा शोयु घाल. गार तोफूवर हौसेने काहीतरी भुरभुरलेलं दिसलं तर तेही तेच. इनारीचं (भात भरलेल्या सुशीचं) तळलेलं तोफूही दाशीत शिजवलेलं असतं. करीच्या वड्यांत चरबी असते, गोड जेलीत जिलेटिन. कान्तेन लिहिलं असेल तर खा, ते शेवाळाचं.

आणि ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नकोस. अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे तिथे सापडतील, पण कात्सुओ त्या यादीतच नाही. पूर्ण घटक वाचावे लागतात. 'ग्योकाई' दिसलं की समजायचं समुद्रातलं काहीतरी आहे. निबोशी म्हणजे सुकवलेली लहान मासळी. मला आवडते.

*

किबिदांगो: काकू, बुत्सुदान आहे! रोज सकाळी पहिला भात तिथेच जातो. शोजिन शब्द कानावरून गेला होता, पण हा धागा जुळला नव्हता. विद्यापीठातून सांगण्याचा विचार रद्द.

रविवारी ओतोसान बागकामात असतात, तेव्हा स्वयंपाकघरात गाठते. फ्रिजवरची यादी उतरवून दोघींनी नवीन लिहू असं सुचवणार आहे. ती त्यांच्या अक्षरातच राहू दे.

मालवणी_तडका, नात्तोची पुडी? तीही? मला नात्तो आवडायला लागला होता तो त्या पुडीमुळेच.

अजून एक. पुढच्या महिन्यात दोघं मला सेतो ओहाशी पूल ओलांडून ताकामात्सुला उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) खायला नेणार आहेत. ओतोसानची शाळेच्या काळापासूनची आवडती जागा. तिथे मी काय खाऊ? 'पोट भरलंय' म्हणून बसायचं नाहीये.

*

कोबेकाकू: सानुकी उदोनच्या गावात तुला उपाशी राहायची गरज नाही. रश्श्यातला उदोन नको, तिथल्या दाशीत निबोशी असते. झारु (गार) उदोनबरोबरच्या त्सुयुतही, म्हणजे बुडवायच्या सॉसमध्येही, मासा असतो. 'किजोयु उदोन' माग. शिजवलेला उदोन आणि वरून नुसता शोयु. मूळ गंमत त्या पिठाच्या चिवटपणाचीच आहे, ती त्यात पुरेपूर मिळते. फक्त टेबलावरचा शोयु साधा आहे की दाशी-शोयु ते आधी विचार, आणि वर कात्सुओबुशी घालू नका हे ऑर्डर देतानाच सांग. विचारायचं काम ओतोसानवर सोपव. त्यांची जागा आहे, त्यांना ते करायला आवडेल. टेम्पुरातली (जपानी भज्यांतली) रताळं-भोपळा बघून हात पुढे करू नकोस, पिठात अंडं असू शकतं. त्यापेक्षा आलं आणि कांद्याची पात भरपूर घे.