कालची डेब उघडत नाही आणि नव्वदच्या दशकातली उघडते, हे काय प्रकरण?

बिल्डवाला_बाळू:
ऑफिसात एक सर्व्हर डेबियन ११ (लिनक्सचाच एक प्रकार) वर आहे, अपग्रेडला कोणी हात लावू देत नाही. आमच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज (डेब फाइल) आधी डेबियनवरच बनायचं, आता बिल्ड मशीन उबुंटू २२.०४ झालं आणि ती डेब सर्व्हरवर टाकली की डीपीकेजी (डेब बसवणारं टूल) म्हणतं कंट्रोल डॉट टार डॉट झेडएसटी या आतल्या फाइलीचं कॉम्प्रेशन ओळखीचं नाही, आणि तिथेच थांबतं. गंमत म्हणून त्याच सर्व्हरवर डेबियनच्या जुन्या अर्काइव्हमधली नव्वदच्या दशकातली डेब उघडून बघितली तर निमूट उघडली! असं कसं? आणि डेबियन १२ वर न जाता काही जुगाड आहे का?

टार_खेचू:
अरे त्यात नवल काय, मागचं सगळं टूलला पाठ असतं, पुढे काय येणार ते त्याला कुठून कळणार. डेब म्हणजे साधी एआर फाइल (अनेक फाइली एकत्र बांधायचा जुना प्रकार), आत डेबियन-बायनरी नावाची चिमुकली फाइल ज्यात २.० लिहिलेलं असतं, मग कंट्रोलचा टार (टार म्हणजेही फाइलींचा गठ्ठा, यात पॅकेजची माहिती), मग डेटाचा टार (बसवायच्या फाइली). उबुंटूने २१.१० पासून हे टार झेडस्टँडर्ड (म्हणजेच झेडएसटी) कॉम्प्रेशनने दाबायला सुरुवात केली पण मूळ डीपीकेजीत त्याचा सपोर्ट १.२१.१८ ला आला, आणि तुझ्याकडे १.२० ची मालिका आहे. त्यात फॉरमॅटचा आकडा २.० च ठेवला, बदललं ते फक्त आतल्या फाइलीचं एक्स्टेन्शन, म्हणून जुनं डीपीकेजी २.० बघून खुशाल पुढे जातं आणि कंट्रोलपाशी अडकतं. बिल्ड करतानाच डीपीकेजी-डेबला कॅपिटल झेडचा ऑप्शन लावून एक्सझेड हे जुनं कॉम्प्रेशन दे, विषय संपला. डेबहेल्पर (पॅकेज बनवायला मदत करणारी टूल्स) वापरत असशील तर रूल्स फाइलीत डीएच_बिल्डडेबला तोच ऑप्शन पास कर.

जुनं_ते_सोनं:
आधीच बनलेल्या डेब असतील तर एआरने उघडायच्या, दोन्ही टार झेडस्टँडर्डमधून काढून एक्सझेड करायचे आणि परत एआरने बांधायचं. क्रम चुकवू नकोस, डेबियन-बायनरी पहिलीच पाहिजे. आणि फाइलीचा हॅश (तिची ओळख पटवणारा आकडा) बदलतो, तेव्हा स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (एपीटी टूल जिथून पॅकेज उतरवतं तो साठा) असेल तर इंडेक्स नव्याने बनव नाहीतर एपीटी बोंबलेल.
ती नव्वदची डेब कुठली होती? १९९५ च्या आधीची असेल तर ती एआर फाइलसुद्धा नव्हती, पहिल्या ओळीत ०.९३९००० आणि दुसऱ्या ओळीत कंट्रोलची साइज बाइटमध्ये, मग सरळ दोन टार एकामागे एक. डीपीकेजी-डेब अजून तीही वाचतं, डेब-ओल्ड नावाचं मॅन पेज आहे बघ. पण उघडली म्हणजे चालली असं समजू नका हां, आतले प्रोग्रॅम तेव्हाच्या ए.आउट या प्रोग्रॅम-फाइलींच्या फॉरमॅटचे असतात आणि लिनक्स कर्नलने २०२२ मध्ये त्याचा सपोर्ट काढूनच टाकला. पॅकेजिंगवाल्यांनी जपलं ते कर्नलवाल्यांनी घालवलं!

बिल्डवाला_बाळू:
एक्सझेड देऊन बघितलं, सर्व्हरवर बसलं, थँक्यू दोघांना. एक अजून, एका क्लायंटकडे डेबियन ७ पण आहे (हसू नका), तिथेही एक्सझेड चालेल ना?

टार_खेचू:
नाही चालणार. डेबियन ७ चं डीपीकेजी १.१६ चं आहे, त्याला डेटा टार एक्सझेडमध्ये समजतो पण कंट्रोल टार नाही, तो सपोर्ट १.१७.६ ला आला आणि नवीन डीपीकेजी दोन्हींना एकच कॉम्प्रेशन लावतं. त्याच्यासाठी जीझिप (आणखी जुनं कॉम्प्रेशन) दे, फाइल थोडी फुगेल तर फुगू दे.