मास इफेक्ट १ : व्हर्मायरवर रेक्स मारला गेला. जुना सेव्ह उघडावा की असेच पुढे जावे?

ओलित_रात्रीचे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात शेती करतो आणि गावातच एक लहानसे ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सध्या आमच्या फीडरला शेतीची लाईन रात्री बारानंतर मिळते, त्यामुळे जेवण झाल्यापासून हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात निघेपर्यंतचे दोन-तीन तास मोकळे सापडतात, आणि त्या वेळात मी ‘मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन’मधला पहिला भाग खेळत आहे. (तिन्ही भाग मिळून १२० जीबी जागा लागते. एवढा गेम गावातल्या नेटवर उतरण्याची आशाच नव्हती, म्हणून नागपूरला मावसभावाच्या खोलीवर दोन रात्री मुक्काम करून तो हार्डडिस्कवर भरून आणला.)

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. यात आपण शेपर्ड नावाच्या कमांडरच्या भूमिकेत असतो आणि नॉर्मंडी या अंतराळजहाजावरून आपली तुकडी घेऊन फिरतो. क्रोगन ही लढवय्यी जमात आहे. रॅकनाय नावाच्या कीटकसदृश जमातीशी लढण्यासाठी सलेरियन या दुसऱ्या जमातीच्या शास्त्रज्ञांनी या क्रोगनांना हाताशी धरले, त्यांना तंत्रज्ञान दिले आणि युद्ध जिंकले. पुढे क्रोगनांची संख्या अफाट वाढली, ते इतरांच्या ग्रहांवर हक्क सांगू लागले आणि बंड पेटले, तेव्हा त्याच सलेरियनांनी ‘जेनोफेज’ नावाचा जैविक रोग तयार केला आणि ट्युरियन या तिसऱ्या जमातीने तो क्रोगनांवर सोडला. त्याचा परिणाम असा की हजारातली जेमतेम एक गर्भधारणा तगते. आपल्या जहाजावरचा रेक्स हा याच जमातीतला आहे.

व्हर्मायर या ग्रहावर खलनायक सॅरन क्रोगनांची फौज तयार करत आहे आणि तिथे जेनोफेजवर उपाय सापडला आहे, असे कळते. तो तळ उडवणे भाग असते. रेक्स चिडून समुद्राच्या काठाशी जातो आणि पाण्यात गोळ्या झाडत उभा राहतो. मी समजूत घालायला गेलो, पण समजूत घालण्याचे पर्याय माझ्या पडद्यावर राखाडी दिसत होते, म्हणजे निवडताच येत नव्हते. उरलेल्यांतला जो बरा वाटला तो निवडला. त्याने बंदूक माझ्यावर रोखली आणि माझ्याच तुकडीतल्या ॲशलीने त्याला पाठीमागून गोळी घातली.

इथपर्यंत झाले ते झाले असे मानून मी पुढे गेलो. पुढे त्याच मोहिमेत तुकडीतल्या केडन आणि ॲशली या दोघांपैकी एकालाच वाचवता येते, आणि मी क्षणाचाही विचार न करता केडनला वाचवले. नंतर लाईन आली, मी मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलो, आणि स्प्रिंकलरकडे पाहता पाहता लक्षात आले की मी केडनला निवडलेच नव्हते. मी ॲशलीला शिक्षा दिली होती, आणि तीसुद्धा माझ्यावर बंदूक रोखणाऱ्याला मारल्याबद्दल.

व्हर्मायरवर उतरण्यापूर्वीचा सेव्ह, म्हणजे तिथपर्यंतचा साठवलेला खेळ, माझ्याकडे आहे. तो उघडून दोन्ही गोष्टी नीट करून घ्याव्यात, की आता जे झाले ते धरूनच पुढचे दोन भाग खेळावेत?

आंबिया_बहार

आधी कामाचे सांगतो. तुम्ही चूक समुद्राकाठी केलेली नाही, ती त्याआधी पंधरा-वीस तास रोज थोडी थोडी होत होती. पहिल्या भागात ‘चार्म’ आणि ‘इंटिमिडेट’ ही बोलण्याची कौशल्ये आहेत आणि त्यांना गुण खर्च करावे लागतात. हे गुण ज्या थैलीतून येतात, त्याच थैलीतून बंदूक आणि चिलखताचेही गुण येतात. माझा अंदाज असा आहे की तुम्ही सगळे गुण असॉल्ट रायफलीत ओतले असणार. मीही पहिल्या खेपेला तेच केले होते, कारण तेव्हा बोलण्याला कोण विचारतो असे वाटत होते.

तरीही तुमचा सेव्ह उतरण्याच्या आधीचा असेल तर मार्ग आहे, आणि त्याला बोलण्याची कौशल्ये लागतच नाहीत. जहाजाच्या खालच्या मजल्यावर जाऊन रेक्सशी त्याच्या घराण्याबद्दल बोला. तो आजोबांच्या काळातल्या चिलखताचा विषय काढेल. मग नकाशावर आर्गोस ऱ्हो समूहातल्या फिनिक्स प्रणालीत टुंटाऊ हा ग्रह शोधा, तिथल्या तळावरून ते चिलखत काढून आणा आणि त्याला द्या. एवढे केले की व्हर्मायरवर तो तुमचे ऐकतो. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. माको गाडी डोंगरावर चढवताना शिव्या द्याव्या लागतील, तेवढी तयारी ठेवा.

माझे मत विचाराल तर सेव्ह उघडा. गेम आपला आहे, वेळ आपला आहे आणि हार्डडिस्कही नागपूरहून आपणच भरून आणली आहे. रेक्ससारखे पात्र पुढच्या दोन भागांत नसणे हे मोठे नुकसान आहे.

दुसरी_ब

मी मेळघाटाच्या पायथ्याशी एका शाळेत शिकवते आणि हे तिन्ही भाग दोनदा पूर्ण केले आहेत, दोन्ही वेळा जेनिफर हेलच्या आवाजातली स्त्री शेपर्ड घेऊन. आंबिया_बहार यांनी सांगितलेला मार्ग अचूक आहे, परंतु त्यांचा सल्ला मला पटत नाही.

या गेममध्ये नैतिक निवडीचा जो बोलबाला झाला, त्यातली बरीचशी निवड खरे तर निवड नाहीच. संवादाच्या चक्रात डावीकडे वर निळा पर्याय म्हणजे समजुतीचा, डावीकडे खाली लाल पर्याय म्हणजे धाकाचा, आणि उजवीकडेही वरचा सौम्य व खालचा कठोर. चार तास खेळल्यावर माणूस उत्तर वाचायचेच सोडतो आणि बोट आपोआप वरच्या कोपऱ्याकडे जाते. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत बरोबर पर्याय निळ्या शाईने छापला, तर माझी चौथीची मुलेसुद्धा शंभरपैकी शंभर गुण आणतील, पण त्यावरून त्यांना काय येते हे मला कळणार नाही. हा गेम बनवणाऱ्या बायोवेअरमध्ये काम केलेल्या एका डिझायनरने २०२० मध्ये सांगितले होते की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉन, म्हणजे सज्जन, शेपर्डच खेळत होते. मला त्यात माणसाच्या चांगुलपणाचा पुरावा दिसत नाही. निळा रंग कोणता हे सर्वांना ओळखता येते, एवढेच त्यातून दिसते.

केडन आणि ॲशली यांच्यातली निवड मात्र या साच्याबाहेरची आहे. तिथे निळे-लाल काही नाही आणि कितीही चार्म असला तरी दोघे वाचत नाहीत. त्यामुळे माणूस तिथे जे करतो ते खरोखर त्याचे असते. बहुतेकांचे कारण अगदी साधे असते: एकाशी गप्पा जास्त झालेल्या असतात, किंवा एकाचा पोशाख आवडलेला असतो. तुमचे कारण राग हे होते आणि ते तुम्ही त्याच रात्री धुऱ्यावर बसून ओळखले. गेमने तुमच्याकडून एक खरी गोष्ट काढून घेतली आहे आणि तुम्ही ती चिलखताच्या बदल्यात परत मागत आहात. माझ्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार आहे.

शिवाय हे दोन्ही प्रसंग तुम्ही एकात गुंफले आहेत, ते गेमने गुंफलेले नाहीत. ॲशलीने रेक्सला मारले म्हणून ती मेली, ही गोष्ट कोणत्याही पटकथेत लिहिलेली नाही, ती तुमची आहे. सेव्ह उघडलात तर छापील गोष्ट परत मिळेल.

कामगंध_सापळा

मी कापसाच्या पट्ट्यातला आहे, म्हणून जेनोफेजबद्दल एक वेगळीच गोष्ट सांगावीशी वाटते. गुलाबी बोंडअळीसाठी आपण पऱ्हाटीत कामगंध सापळे लावतो. मादीच्या गंधाची गोळी लावली की नर पतंग फसून त्यात येतात. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग दिसले की फवारणीची वेळ झाली असे समजायचे. आता तर झाडांना गंधाच्या दोऱ्याही बांधतात, म्हणजे सगळ्या वावरात मादीचा वास पसरतो, नराला खरी मादी सापडतच नाही आणि पुढची पिढी थांबते. मी स्वतः अशा दोऱ्या बांधल्या आहेत आणि मला त्या रात्री उत्तम झोप लागली होती. तोच मी, तीच युक्ती क्रोगनांवर केलेली वाचली तेव्हा अस्वस्थ झालो. फरक एवढाच की क्रोगन बोलतो आणि त्याला आजोबांचे चिलखत असते. रॅकनाय तर कीटकच आहेत, तरी नोव्हेरिया ग्रहावर त्यांच्या राणीने काचेआडून बोलणे सुरू केल्यावर तिला ॲसिडने मारायला माझा हात धजावला नाही.

पुढच्या परिच्छेदात तिसऱ्या भागाचा रसभंग आहे. ज्यांना नको त्यांनी खाली उतरावे.

तिसऱ्या भागात जेनोफेजवरचा उपाय क्रोगनांना द्यायचा की गुपचूप बिघडवायचा, हा प्रश्न थेट तुमच्यासमोर येतो. रेक्स जिवंत असेल तर क्रोगनांचे नेतृत्व त्याच्याकडे असते आणि तो शहाणा असल्यामुळे उपाय देताना मनाला फारसे जड जात नाही. रेक्स नसेल तर त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह बसलेला असतो आणि तो सूडाची भाषा उघड बोलतो. अशा माणसाच्या हाती हजारपट वाढणारी जमात सोपवायची का, हा प्रश्न ज्यांचा रेक्स वाचला त्यांना कधी पडतच नाही. त्यामुळे ज्याला अवघड प्रश्न हवा आहे त्याने तुमच्यासारखाच सेव्ह जपून ठेवावा.

आंबिया_बहार

कामगंध भाऊ, बोंडअळी आणि क्रोगन यांची सांगड घालणारे महाराष्ट्रात बहुधा तुम्ही पहिलेच. पण बिचाऱ्याने अजून पहिला भाग संपवलेला नाही आणि तुम्ही त्याला तिसऱ्याचा गाभाच सांगून टाकला. इशारा ठळक अक्षरांत दिलात, हे मात्र बरे केले.

धुऱ्याचा_वाद

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा असेन. हा गेम नातवाने बसवून दिला आणि तेव्हापासून सोडवत नाही. एक योगायोग सांगतो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली आणि हा गेम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत काही वर्षे होतो, त्यामुळे रेक्सचा प्रसंग मला अनोळखी वाटला नाही.

समितीत बसलेल्याला अनुभवाने कळते की वादाच्या दिवशी केलेल्या भाषणाने वाद मिटत नाही. दोन भाऊ धुऱ्यावरून कुऱ्हाडी घेऊन उभे असतात, तेव्हा समितीतल्या ज्या माणसाने मागच्या वर्षी त्यांच्याकडे लग्नात पंगत वाढलेली असते, त्याचेच ऐकले जाते. बाकीचे कायदा सांगतात, आणि कायदा दोघांनाही पाठ असतो. गेमने ही गोष्ट फार नेमकी पकडली आहे. चिलखत आणून दिले असेल तर रेक्स ऐकतो, कारण कुणीतरी आपल्या घरच्या गोष्टीसाठी वाकडी वाट केली, हे त्याला माहीत असते. चार्मचे गुण ही त्या मानाने पळवाट आहे. नुसत्या गोड बोलण्याने कुऱ्हाड खाली ठेवलेली मी एकदाही पाहिली नाही.

मास्तरीणबाईंचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, परंतु एका ठिकाणी मी थांबतो. जे झाले ते धरून पुढे जाण्यात काही विशेष मर्दुमकी आहे, असे मला वाटत नाही. समितीत आम्हाला जुना सेव्ह मिळाला असता, तर मी दोन प्रकरणांत तो नक्की उघडला असता आणि त्याची मला लाज वाटली नसती. पण ओलितवाल्या भाऊंनी आधी एक पाहावे: रेक्सशी ते जहाजावर एकूण किती वेळा बोलले होते? उत्तर आल्यावर सेव्ह उघडायचा की नाही, हे आम्हाला विचारावे लागणार नाही.

ओलित_रात्रीचे

सर्वांचे आभार. रसभंगाचा परिच्छेद मी वाचला. डोळे मिटून खाली उतरायचे ठरवले होते, पण ‘रीव्ह’ हे नाव दिसलेच.

धुऱ्याचा_वाद काकांच्या प्रश्नाचे उत्तर: एकदा. जहाजावर आला त्या दिवशी, आणि तेव्हाही दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यानंतर मी संवाद तोडून बाहेर पडलो होतो, कारण लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती आणि गावात लाईट नव्हती. असॉल्ट रायफलीबद्दलचा अंदाजही बरोबर निघाला.

जुना सेव्ह मी पुसलेला नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. पण काल रात्री तो न उघडता चालू खेळातच नॉर्मंडीच्या खालच्या मजल्यावर गेलो. रेक्स आणि ॲशली तिथेच समोरासमोर उभे असायचे, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आले. इतके दिवस मी त्या मजल्यावर फक्त सामान विकत घ्यायला जात होतो. दोन्ही जागा रिकाम्या होत्या. सामान देणारा अधिकारी होता, आणि माको गाडीपाशी तुकडीतला गॅरस होता. त्याच्याशी मी तो सांगेल ते सगळे ऐकेपर्यंत बोललो. त्याने निसटलेल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगितली आणि ते काम आता यादीत आले आहे. लाईन आधीच आलेली होती, मोटर वीस मिनिटे उशिरा सुरू झाली, आणि सकाळी वडिलांनी शेवटच्या दोन ओळींना पाणी का पोहोचले नाही हे विचारले, त्यांना अजून काही सांगितलेले नाही.